न खेळणाऱ्याचा वाटा

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम ऐन भरात आला म्हणजे शहरातील जुन्या पेठा एकाच विषयाने भारून जातात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या तालमींचे संघ आणि त्यांच्या तोडीस तोड असे प्रॅक्टिस क्लब व शिवाजी तरुण मंडळ यांच्या सामन्यांसाठी शाहू स्टेडियमच्या पायऱ्या दुपारपासूनच भरू लागतात. आणि अंतिम सामना संपून विजयी संघ चषक उंचावतो तेव्हा त्या चषकाला लागलेल्या हातांत काही हात असे असतात की, ज्यांच्या धन्यांनी त्या दिवशी मैदानाच्या रेषेआत एकदाही पाऊल टाकलेले नसते. घामाने थबथबलेल्या आणि मातीने माखलेल्या सोबत्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे असलेले हे राखीव खेळाडू कोरड्या पोशाखात असतात. गुलाल मात्र त्यांच्याही कपाळावर पडतो. त्या गुलालावर त्यांचा हक्क कोणता, हा प्रश्न वरवर पाहता क्रीडेचा दिसला तरी त्याची मुळे फार खोल, थेट कर्मविचाराच्या गाभ्यापर्यंत गेलेली आहेत, आणि त्या खोलीपर्यंत जाऊनच त्याचा विचार व्हावयास हवा, असे मला वाटते.

आपल्या दर्शनकारांनी कर्मसिद्धान्ताची उभारणी करताना दोन दोषांपासून तो मुक्त राहील, याची विशेष दक्षता घेतली. केलेल्या कर्माचे फळ कर्त्याला न मिळता ते वाया जाणे, हा पहिला दोष, त्याला ते कृतनाश म्हणतात. आणि न केलेल्या कर्माचे फळ एखाद्याच्या पदरी येऊन पडणे, हा दुसरा, त्याचे नाव अकृताभ्यागम. विश्वाचा कारभार न्यायाचा आहे असे मानावयाचे, तर या दोहोंपैकी एकालाही त्यात थारा देता येत नाही. आता राखीव खेळाडूचे उदाहरण या कसोटीवर घासून पाहावे. जो एक क्षणही खेळला नाही त्याला विजयाचा वाटेकरी म्हटले, तर अकृताभ्यागम होतो. आणि वर्षभर पहाटे उठून ज्याने सर्वांच्या बरोबरीने मेहनत केली त्याला केवळ अंतिम सामन्यात उतरता आले नाही म्हणून वाट्यातून वगळले, तर कृतनाश होतो. दोन्हीकडून न्याय अडचणीत येतो. या पेचातून सुटण्याचा मार्ग शोधावयाचा, तर कर्म म्हणजे काय आणि कर्ता कोणाला म्हणावे, याच मुद्द्यांकडे पुन्हा एकदा वळावे लागते.

यातील सोपा भाग आधी हातावेगळा करू. ज्या खेळात राखीव खेळाडूचे महत्त्व सर्वाधिक उघड दिसते तो खेळ म्हणजे बास्केटबॉल. अमेरिकेतील व्यावसायिक सामना ४८ मिनिटांचा असतो आणि प्रत्येक संघाचे ५ खेळाडू एका वेळी मैदानात असतात. म्हणजे संघाला एकूण २४० मिनिटांचे खेळणे पुरवावे लागते. प्रमुख पाचांपैकी प्रत्येक जण ३५ मिनिटे खेळला तरी हिशेब १७५ मिनिटांवर थांबतो, आणि उरलेली ६५ मिनिटे बाकावरून उठून येणाऱ्यांनाच भरून काढावी लागतात. त्या अवधीत आघाडी टिकविणे, प्रमुख खेळाडूंना दम घेऊ देणे, कोणावर नियमभंगांची संख्या वाढत चालली असेल तर त्याची जागा सांभाळणे, ही सारी कामे त्यांच्याकडे असतात. आणि त्यांची थोरवी ओळखूनच १९८२-८३ च्या हंगामापासून तेथे उत्कृष्ट सहाव्या खेळाडूसाठी स्वतंत्र पारितोषिक दिले जाऊ लागले. २०१५ साली तर आंद्रे इग्वोडाला या खेळाडूची कीर्ती याच वाटेने जगभर पोहोचली. तोवर दहा वर्षे नेहमी प्रारंभीच्या पाचांत उतरत आलेल्या या मातब्बर खेळाडूने त्या हंगामात तरुण सहकाऱ्यासाठी आपली जागा सोडून बाकावर बसणे पत्करले; अंतिम मालिकेत गोल्डन स्टेट संघ १-२ असा मागे पडला असताना प्रशिक्षकाने त्याला प्रारंभीपासून खेळविले, संघाने पुढचे तिन्ही सामने जिंकले आणि मालिकेतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचीच निवड झाली. फुटबॉलमध्ये बदली खेळाडूला विश्वचषकाचे दार १९७० साली उघडले. आणि २०१४ च्या अंतिम सामन्यात जर्मनीला जगज्जेतेपद मिळवून देणारा एकमेव गोल मारणारा गोट्झे आणि त्याला चेंडू पुरविणारा शुर्ले, हे दोघेही बाकावरून उठून आलेले होते.

परंतु ही उदाहरणे आपल्या प्रश्नाचे समाधान करीत नाहीत, कारण ही सारी माणसे अखेर खेळली. त्यांचे कर्म डोळ्यांना दिसले, त्याची नोंद झाली, त्याचे फळ त्यांना मिळाले. यात न्यायाला कोठेही अडचण नाही. अडचण आहे ती जो अखेरपर्यंत उठलाच नाही त्याच्याविषयी. कठीण प्रश्न तोच आहे.

त्याचे पहिले उत्तर कोल्हापूरच्या तालमींत सापडते. गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग यांसारख्या तालमींत पहाटेच्या अंधारात मेहनत सुरू होते. तेल, ताक, हळद, लिंबू मुरवून मऊ केलेली हौद्यातील तांबडी माती खोऱ्याने वरखाली केली जाते आणि ज्याचे मैदान जवळ आले आहे अशा मल्लापुढे वस्ताद एकामागून एक जोडीदार सोडू लागतात. पहिला दमला की दुसरा ताज्या दमाचा उतरतो, दुसरा बाजूला झाला की तिसरा हात मिळवितो. मुख्य मल्लाला मात्र विसावा नाही. त्या जोडीदारांतील एखाद्या पोराला वस्तादांनी बजावून ठेवलेले असते की, येणारा प्रतिस्पर्धी ढाक या डावात तरबेज आहे, तेव्हा तू आज ढाकच टाकायची. तो पोरगा ढाक टाकतो, ती उधळली जाते, तो पाठीवर आपटतो, अंगाची माती झटकून उठतो आणि पुन्हा ढाक टाकतो. आणि त्याच्या या पुनःपुन्हा पडण्यातून त्या डावाची तोड मुख्य मल्लाच्या अंगात भिनत जाते. पुढे शाहू महाराजांनी १९१२ साली बांधविलेल्या खासबागच्या मैदानात, हजारो डोळ्यांसमोर, प्रतिस्पर्ध्याची ढाक हवेतच फुकट जाते तेव्हा टाळ्या एकालाच मिळतात. पण त्या निमिषार्धाच्या बचावात त्या अनामिक पोराच्या पाठीने सोसलेल्या सगळ्या पहाटा जमा झालेल्या असतात.

मैदानात न उतरता मैदान जिंकून देणाऱ्यांची ही परंपरा तालमीच्या भिंतींपुरतीच मर्यादित नाही. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक. परंतु त्या प्रवासाचा खर्च उभा राहत नव्हता तेव्हा खाशाबा ज्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी होते त्याचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर सात हजार रुपयांना गहाण टाकले. खर्डेकर हेलसिंकीच्या गादीवर उतरले नाहीत, हे खरे. पण त्या पदकाच्या जमाखर्चात त्यांच्या घराचे नाव न लिहिणारा कारकून आपल्या कामात कसूर करील, असेच म्हणावे लागेल.

या अनुभवाला शास्त्राची भाषा देण्याचे काम पूर्वमीमांसेने फार पूर्वीच करून ठेवले आहे. यज्ञातील कर्मांचे मीमांसकांनी दोन वर्ग केले: प्रधान आणि अंग. ज्या कर्माचे फळ श्रुतीने सांगितले आहे ते प्रधान. आणि अशा फलवान कर्माच्या सान्निध्यात जे कर्म सांगितलेले असते, पण ज्याचे स्वतःचे फळ कोठेही सांगितलेले नसते, ते त्याचे अंग. दर्शपूर्णमास यागात तांदूळ कांडण्याचे कर्म आहे. नुसत्या कांडण्याने कोणी स्वर्गाला जात नाही. तथापि कांडल्यावाचून पुरोडाश, म्हणजे आहुतीची पिठाची पोळी, होत नाही आणि पुरोडाशावाचून याग होत नाही. त्याच यागात मुख्य आहुतीपूर्वी पाच प्रयाज आहेत. ते द्रव्यावर कोणताही दृश्य संस्कार करीत नाहीत, तरीही त्यांच्यावाचून प्रधान कर्माची शक्ती अपुरी राहते. पहिल्या प्रकारच्या अंगाला सन्निपत्योपकारक म्हणतात, दुसऱ्याला आरादुपकारक. पहिले अंग साधनाला प्रत्यक्ष भिडून त्याला तयार करते. दुसरे दुरून, अदृष्ट रीतीने उपकार करते. तालमीतील जोडीदार हा पहिल्या वर्गात निःसंशय बसतो. ढाक टाकून पडणाऱ्या त्या पोराचे कर्म स्वतंत्रपणे फलहीन आहे आणि तरीही फळाला अपरिहार्य आहे. त्याला वगळले तर प्रधान कर्मच विकल होते. म्हणजे त्याने काहीच केले नाही, हे विधान सपशेल खोटे ठरते. त्याचे करणे आधीच होऊन गेलेले असते. आपण ते पाहावयास नव्हतो, इतकेच.

येथे कोणी म्हणेल की, सरावातील श्रमाचा हिशेब मान्य. पण प्रत्यक्ष सामन्याच्या त्या दीड तासात बाकावर बसून राहणाऱ्याकडून काय घडते? या आक्षेपाचे उत्तर मला छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात मिळते, आणि ते इतके विलक्षण आहे की त्यावर थोडे थांबले पाहिजे.

श्रौत यज्ञातील प्रमुख ऋत्विजांत होता ऋचा म्हणतो, अध्वर्यू हाताने सारी क्रिया करतो, उद्गाता साम गातो. आणि चौथा, ज्याला ब्रह्मा म्हणतात, तो अग्नीच्या दक्षिणेस आपल्या आसनावर मौन धरून बसतो. पाहणाऱ्याला वाटावे की, हा गृहस्थ येथे कशासाठी आला आहे? उपनिषद सांगते की, यज्ञाचे मार्ग दोन आहेत, वाणी आणि मन. होता, अध्वर्यू आणि उद्गाता हे तिघे मिळून वाणीचा मार्ग सिद्ध करतात, आणि मनाचा मार्ग एकटा ब्रह्मा आपल्या अवधानाने सिद्ध करतो. नेमलेल्या काळात त्याने मौन मोडले, तर यज्ञ एका पायाने चालणाऱ्या मनुष्यासारखा किंवा एकाच चाकावर धावणाऱ्या रथासारखा होऊन कोलमडतो. आणि बाकीच्या तिघांपैकी कोणाकडून चूक झालीच, तर ती दुरुस्त करण्याचा अधिकार याच मौनी पुरुषाचा: ऋचेत दोष घडला तर गार्हपत्य अग्नीत, यजुसात घडला तर दक्षिणाग्नीत, सामात घडला तर आहवनीयात प्रायश्चित्ताची आहुती देऊन त्याने यज्ञाला पुन्हा सांधावयाचे. म्हणूनच त्याला तिन्ही वेदांचे ज्ञान असावे लागते. इतरांना आपापला एक भाग आला की भागते. जो बसून राहणार आहे त्याला मात्र सगळेच यावे लागते.

शाहू स्टेडियमवर जाऊन राखीव खेळाडूंच्या रांगेकडे थोडा वेळ लक्षपूर्वक पाहावे, म्हणजे या वचनाचा अर्थ डोळ्यांसमोर उभा राहतो. त्या रांगेत बसण्याचे दोन प्रकार आढळतात. एक खेळाडू मागे रेलून बसलेला असतो. त्याच्या बुटांच्या नाड्या सैल असतात, नजर पायऱ्यांवरच्या गर्दीत फिरत असते आणि गोल झाला की तो जल्लोषात सामील होतो. दुसरा थोडा पुढे वाकून, कोपरे गुडघ्यांवर टेकवून बसलेला असतो. चेंडू डाव्या बगलेवर असताना त्याची दृष्टी उजव्या बगलेवर असते, कारण त्याला उतरावे लागले तर ते तेथेच लागणार आहे; समोरचा बचावपटू वळताना कोणत्या पायावर भार देतो, तासाभरानंतर त्याची धाव कितपत मंदावते, हे तो मनात टिपून ठेवीत असतो; आणि मध्यंतरात पाण्याची बाटली सोबत्याच्या हातात देताना तो त्याच्या कानाशी लागून दोन शब्द सांगतो, जे खेळण्याच्या धुंदीत खुद्द त्या सोबत्याला दिसलेले नसते. मग प्रशिक्षकाने मान वळविली की हा रेषेलगत धावून अंग गरम करू लागतो. कदाचित बोलावणे येते, कदाचित येत नाही. पहिला खेळाडू प्रेक्षक आहे, त्याने केवळ जागा अडविली आहे. दुसरा ब्रह्मा आहे. यज्ञाचा मनोमार्ग तो वाहून नेत आहे. दोघांचेही बसणे बाहेरून सारखेच, तरी एकाचे बसणे अकर्म आणि दुसऱ्याचे कर्म. कर्मात अकर्म आणि अकर्मात कर्म पाहणाऱ्याला गीतेने बुद्धिमान म्हटले आहे, ते अशाच ठिकाणी पटते.

गीतेचे नाव निघाले म्हणजे राखीव खेळाडूला निष्कामतेचा उपदेश करून मोकळे होण्याचा मोह अनेकांना होतो. फळाची आशा धरू नको, मुकाट्याने बस, असे त्याला सांगण्यात येते. हा उपदेश अर्धवट आहे. ज्या श्लोकात फलाशेचा निषेध आहे त्याच श्लोकाच्या अखेरीस अकर्माची आसक्ती धरू नकोस, असाही स्पष्ट इशारा आहे. खेळण्याची इच्छाच ज्याच्या ठिकाणी मावळली तो राखीव खेळाडू संघाच्या कामाचा राहत नाही. त्याची इच्छा प्रज्वलित असावी आणि तरीही ती त्याला जाळू नये, अशी ही कठीण साधना आहे. तिची दोन टोके आपल्या दोन महाकाव्यांनी दाखवून दिली आहेत. कुरुक्षेत्रावर भीष्म सेनापती असेतोवर शस्त्र उचलणार नाही, अशी प्रतिज्ञा करून कर्ण दहा दिवस शिबिरात बसून राहिला. त्याच्या शौर्याविषयी कोणालाही संदेह नव्हता. पण त्याच्या बसण्यात अवधानाच्या जागी अभिमान होता आणि त्या अभिमानाची किंमत कौरवांच्या साऱ्या सेनेने मोजली. याउलट रामायणात समुद्राच्या काठी वानरवीर आपापल्या उडीचे बळ सांगू लागले तेव्हा वृद्ध जांबवानाने प्रांजळपणे सांगितले की, आता आपली मजल नव्वद योजनांपर्यंतच आहे; आणि एवढे सांगून तो थांबला नाही, तर एका बाजूला गप्प बसलेल्या हनुमंताकडे जाऊन त्याला त्याच्या सामर्थ्याची आठवण करून दिली. लंका हनुमंताने गाठली. पण ती उडी उठविली कोणी, हे वाल्मीकींनी आवर्जून नोंदवून ठेवले आहे. स्वतः उतरता येत नसेल तेव्हा जो उतरू शकतो त्याला जागे करणे, ही बाकावरून घडणारी फार मोठी सेवा आहे.

तेव्हा राखीव खेळाडू कर्म करतो, हे सिद्ध झाले. आता फळाचा प्रश्न उरतो: त्याला वाटा द्यावयाचा तो किती? खेळलेल्याला सोळा आणे आणि न खेळलेल्याला चार, असा काही तक्ता ठरवावा काय? याही बाबतीत मीमांसकांनी केलेला एक निवाडा मला अत्यंत मोलाचा वाटतो. यज्ञांमध्ये सत्र नावाचा एक दीर्घ यज्ञप्रकार आहे. त्यात कमीत कमी सतरा जण एकत्र येऊन दीक्षा घेतात. त्यांच्यात यजमान वेगळा आणि ऋत्विज वेगळे असा भेद राहत नाही, सर्वच यजमान आणि सर्वच ऋत्विज. आणि म्हणूनच तेथे दक्षिणाही नसते. मीमांसासूत्रांचा कर्ता जैमिनी याने त्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात प्रश्न उपस्थित केला की, अशा सत्राचे फळ त्या सर्वांत वाटले जाते, की प्रत्येकाला संपूर्ण मिळते? निर्णय असा झाला की, प्रत्येकाला संपूर्ण मिळते. गाणाऱ्याला संपूर्ण, हवन करणाऱ्याला संपूर्ण, आणि मौन धरून बसलेल्या ब्रह्म्यालाही संपूर्ण. त्याच अध्यायात पुढे असेही ठरविले आहे की, मध्येच कोणी मृत्यू पावला आणि संख्या भरून काढण्यासाठी नवा मनुष्य आणावा लागला, तर तो सर्व क्रिया यथासांग करील, पण फळाचा स्वामी होणार नाही. या दोन निर्णयांवरून मी असे अनुमान काढतो की, फळाचा अधिकार नुसत्या क्रियेने प्राप्त होत नाही. तो आरंभी सर्वांनी मिळून केलेल्या संकल्पाने आणि घेतलेल्या दीक्षेने प्राप्त होतो. ज्याने हंगामाच्या पहिल्या पहाटेपासून संघाचा संकल्प आपला मानला त्याचा अधिकार अखेरच्या शिट्टीपर्यंत अबाधित आहे, मग त्या दिवशी क्रिया कोणाच्या वाट्याला आली असो. वेतन, बक्षिसाची रक्कम, मानधन यांचे वाटे पडतात आणि पडावेत. विजय ही मात्र वाटे न पडणारी वस्तू आहे. ती एकाला पूर्ण दिल्याने दुसऱ्याची कमी होत नाही.

हा निवाडा केवळ पोथीतला नाही, हे अलीकडच्या एका घटनेवरून दिसून येईल. १९६६ साली इंग्लंडने फुटबॉलचा विश्वचषक जिंकला. जिमी ग्रीव्ह्ज हा त्या संघातील नामांकित आघाडीवीर; पहिले तीन सामने तो खेळला, त्यांतील तिसऱ्यात त्याला दुखापत झाली आणि त्याच्या जागी आलेल्या जेफ हर्स्टने अंतिम सामन्यात तीन गोल करून इतिहास घडविला. त्या काळच्या नियमानुसार अंतिम सामना खेळलेल्या अकरा जणांनाच पदके मिळाली. ग्रीव्ह्ज कडेला उभा राहून पाहत होता, त्याला काही मिळाले नाही. पुढे जागतिक फुटबॉल संघटनेने २००७ साली निर्णय फिरविला आणि १९३० ते १९७४ या काळातील विजेत्या संघांच्या, पदकापासून वंचित राहिलेल्या सर्व सदस्यांना पदके देण्याचे ठरविले. त्यानुसार २००९ मध्ये, म्हणजे त्रेचाळीस वर्षांनी, ग्रीव्ह्जच्या हाती त्याचे पदक आले. हर्स्टच्या पदकातील सोन्याचा एक कणही त्यामुळे कमी झाला नाही. जैमिनीच्या निर्णयावर आधुनिक जगाने न कळत केलेले हे शिक्कामोर्तब आहे.

तथापि, येथवर आल्यावर एका गंभीर आक्षेपाकडे डोळेझाक करून पुढे जाणे, निदान कोल्हापुरात बसून लिहिणाऱ्याला तरी, शोभणार नाही. बसून राहणे हेही कर्म आहे, मौनही यज्ञाला सांभाळते, फळ सर्वांना सारखेच आहे, अशा वचनांचा आधार घेऊन आपल्या समाजाने शतकानुशतके कोट्यवधी माणसांना बसवून ठेवले. ज्या सत्राचे मी गुणगान केले त्याचा अधिकार मीमांसकांनी एकाच वर्णापुरता राखला होता, हे विसरून चालणार नाही. आणि याच शहरात वेदोक्ताच्या, म्हणजे वेदमंत्रांनी विधी करण्याच्या हक्काच्या, प्रकरणात खुद्द छत्रपतींच्या अधिकाराविषयी शंका घेतली गेली, हा इतिहास आहे. शाहू महाराजांनी या अन्यायाला दिलेले उत्तर उपदेशाचे नव्हते. २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने त्यांनी संस्थानच्या नोकरीतील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. बसविलेल्यांना उठून मैदानात येण्याची सनदच दिली. संघाचा बाक आणि समाजाने जन्मावरून नेमून दिलेला बाक यांतील भेद या हुकुमाच्या प्रकाशात स्पष्ट दिसतो. संघाच्या बाकावर बसणारा स्वेच्छेने दीक्षित झालेला असतो. त्याची जागा गुणावर ठरते आणि गुणावर बदलते. तो कोणत्याही क्षणी उठविला जाऊ शकतो आणि उठल्यावर चेंडू त्याच्याही पायाशी येतो. जेथे उठण्याची शक्यताच नाही तेथे बसण्याला साधना म्हणणे, हा धर्माचा दुरुपयोग आहे. ब्रह्म्याचे आसन मानाचे आहे, याचे कारण यज्ञ सांधण्याचा अधिकार त्याच्या हाती दिलेला आहे. तो अधिकार काढून घेतला की उरते ती निव्वळ बंदी.

यापेक्षाही अवघड एक प्रकार आहे: गुण आहे, दीक्षा आहे, सज्जता आहे आणि तरीही बोलावणे कधीच येत नाही. कोल्हापुरात जन्मलेल्या आणि २०१२ साली कोल्हापुरातच निवर्तलेल्या भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ च्या डिसेंबरात पुण्यातील रणजी सामन्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनच्या ४५२ या तत्कालीन विक्रमाला अवघ्या ९ धावा कमी असताना प्रतिस्पर्धी संघाने सामना सोडून दिला आणि तो डाव तेथेच थांबला. आणि एवढे करूनही भारताकडून एकही अधिकृत कसोटी सामना खेळण्याचा योग त्यांना आला नाही. येथे कृतनाश झाला काय? जगाच्या दफ्तरात पाहिले तर झाला, असेच मी म्हणेन, आणि त्यावर तत्त्वज्ञानाचे पांघरूण घालणार नाही. पण त्या ४४३ धावांच्या डावात दुसऱ्या गड्यासाठी सहकारी फलंदाज भांडारकर यांच्याबरोबर त्यांनी ४५५ धावांची भागी केली, त्यापुढेही अनेक वर्षे ते प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळत राहिले, आणि बोलावणे आले नाही म्हणून त्यांनी बॅट खाली ठेवली नाही. फळ नाकारले गेले तरी कर्त्याची कर्मावरील निष्ठा नाकारण्याची शक्ती कोणत्याही निवड समितीत नसते. मात्र या निष्ठेचे कौतुक करताना, निवडणाऱ्यांच्या उत्तरदायित्वातून त्यांची मुक्तता होते, असे कोणी समजू नये.

म्हणून या साऱ्या विवेचनातून काही कर्तव्ये निष्पन्न होतात, आणि ती एकट्या राखीव खेळाडूवर लादून चालणार नाही. त्याचे कर्तव्य असे की, त्याने बसावे ते ब्रह्म्यासारखे बसावे. आपली जागा सोडून इतर जागांचेही ज्ञान मिळवावे, कर्णाचा अभिमान टाकावा आणि जांबवानाची जाण बाळगावी. प्रशिक्षकाचे आणि वस्तादाचे कर्तव्य असे की, बाकावरून मैदानाकडे जाणारी वाट त्याने गुणासाठी सदैव मोकळी ठेवावी आणि कोणाचेही बसणे कायमचे होऊ देऊ नये. जे खेळले त्यांचे कर्तव्य असे की, आपले प्रधानपण अंगांवर उभे आहे, याची जाणीव त्यांनी यशाच्या क्षणी ठेवावी. आणि पायऱ्यांवर बसणाऱ्या आपणा सर्वांचे, बक्षीस देणाऱ्या मंडळांचे आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात नावे छापणाऱ्यांचे कर्तव्य असे की, संघाची यादी अकराव्या नावाशी तोडू नये. ती शेवटच्या नावापर्यंत वाचावी, कारण ज्या संकल्पाला यश आले तो त्या शेवटच्या नावाचाही होता.